उजेड पडतो तिथे मोजायचा

बडोद्याच्या माणसाला प्रवाळाचं वेड लागावं असं वरवर पाहता काही कारण नाही. आमच्यापासून सगळ्यात जवळचा समुद्र म्हणजे खंभातचं आखात. भरती-ओहोटीच्या जोरानं तिथला गाळ सतत ढवळला जातो, पाणी बारमाही गढूळ, आणि त्या पाण्यात उजेड फार खोल उतरतच नाही. कमाटी बागेतल्या संग्रहालयातला निळ्या देवमाशाचा सांगाडा ही बडोद्यात वाढलेल्या बहुतेक मुलांची समुद्राशी पहिली ओळख. माझीही तीच.

तरी या शहराचं प्रवाळाशी जुनं नातं आहे. द्वारका, बेट द्वारका, ओखा हा ओखामंडळाचा मुलूख गायकवाडांच्या राज्यात होता. कच्छच्या आखाताच्या तोंडाशी असलेल्या त्या किनाऱ्यावर तेव्हा प्रवाळ होतं, आजही आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात बडोदे सरकारनं जेम्स हॉर्नेल या सागरी जीवशास्त्रज्ञाकडून तिथल्या समुद्री जीवांची पाहणी करून घेतली. अहवालाचा पहिला भाग १९०९ मध्ये निघाला, दुसरा १९१६ मध्ये. पाहुणे लक्ष्मीविलास राजवाडा बघून भारावतात, आणि भारावण्यासारखा तो आहेच. मला मात्र या अहवालाचा अभिमान जास्त वाटतो. ओहोटीत उघड्या पडणाऱ्या खडकांवर काय जगतं, याची नोंद आपल्या दप्तरात असावी, असं समुद्रापासून इतक्या आत बसलेल्या एका दरबाराला वाटलं होतं.

मी घरी खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ पाळते. टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. तिच्यात सगळे, आम्ही हौशी ज्यांना मऊ प्रवाळ म्हणतो, ते आहेत: झोआ, मशरूम, लेदर. खडक बांधणारे कठीण प्रवाळ मी ठेवत नाही. २००१ पासून ते आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यांचा तुकडा समुद्रातून उचलणं हा गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी जामनगरकडच्या नरारा बेटावर ओहोटीच्या वेळी घोटाभर पाण्यातून चालत ज्यानं ते पाहिलेत, त्याला ते तिथेच राहावेत असं वाटल्याशिवाय राहणार नाही. मऊ प्रवाळांना कसाही उजेड चालतो, अशी एक समजूत आहे. ती अर्धी खरी आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी मीटर लागतो.

प्रवाळ हा प्राणी, पण त्याच्या पेशींमध्ये झूझँथेली नावाची एकपेशीय शैवालं राहतात. ती उजेडावर साखर बनवतात आणि तिच्यातला मोठा वाटा यजमानाला देतात. उथळ, नितळ पाण्यातले कित्येक प्रवाळ आपली बहुतेक ऊर्जा याच वाटेनं मिळवतात. त्यामुळे रीफ टँकवरचा, म्हणजे अशा प्रवाळांच्या टाकीवरचा, दिवा शोभेचा नसतो. त्याच्यावर कुणाचं तरी पोट अवलंबून असतं. या शैवालांकडे क्लोरोफिल ए आणि सी२ असतं, शिवाय पेरिडिनिन नावाचं एक रंगद्रव्य, आणि ही सगळी मंडळी निळा आणि निळसर-हिरवा उजेड उत्तम शोषतात. यामागे समुद्राचंच गणित आहे. पाणी तांबडा उजेड पहिल्या काही मीटरांतच खाऊन टाकतं. निळा सगळ्यात खोल पोचतो. जे खाली मिळतं त्यावर जगायला ही शैवालं शिकली. म्हणून रीफच्या दिव्यांत रॉयल ब्लू एलईडींचा भरणा असतो.

आणि नेमका हाच उजेड आपला डोळा नीट जोखू शकत नाही.

माणसाचा डोळा ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या हिरवट-पिवळ्या उजेडाला सगळ्यात जास्त दाद देतो. ४५० नॅनोमीटरच्या निळ्याला तो त्याच्या जेमतेम चार टक्के किंमत देतो. लक्स हे एकक डोळ्याच्या या आवडीनिवडीवरच बेतलेलं आहे. ऑफिसच्या टेबलावर किंवा शाळेच्या वर्गात ते अगदी योग्य, कारण तिथे वाचणारं माणूस आहे. शैवालाला डोळा नाही. त्याला किती प्रकाशकण मिळाले एवढ्याच हिशेबाशी कर्तव्य. तो हिशेब ठेवणाऱ्या मापाला पार (PAR, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाच्या उपयोगाचा उजेड) म्हणतात. ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातला प्रत्येक कण त्यात एकच धरायचा, निळा असो की तांबडा. हा पट्टा पक्का होण्यामागे कीथ मॅक्री यांनी २२ पिकांच्या पानांवर केलेलं आणि १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेलं काम आहे; म्हणजे मूळ हिशेब शेतातला, आम्ही तो समुद्राला लावला. एका चौरस मीटरवर एका सेकंदाला किती मायक्रोमोल कण पडतात, तो आकडा; मायक्रोमोल म्हणजे कणांची संख्या मोजायचं एक ठरलेलं एकक. भर दुपारच्या निरभ्र उन्हात तो साधारण २००० असतो.

दोन मापांतली तफावत केवढी आहे, ते पाहण्यासारखं आहे. सूर्यप्रकाशात एक मायक्रोमोल म्हणजे अंदाजे ५४ लक्स. निव्वळ ४५० नॅनोमीटरच्या निळ्यात एक मायक्रोमोल म्हणजे अंदाजे ७ लक्स. म्हणजे प्रवाळाला १०० मायक्रोमोल देणारं ऊन लक्समीटरवर ५४०० दाखवेल, आणि तेवढंच देणारा निळा दिवा दाखवेल ७००. फोनमधल्या ॲपवर ७०० वाचणाऱ्याला वाटणार की टाकीत अंधारच आहे. तो दिवा वाढवत नेणार, डोळ्याला ‘आता बरं’ वाटेपर्यंत, आणि तोवर खालच्या मशरूमांना गरजेच्या कितीतरी पट उजेड मिळालेला असणार. त्यात डोळ्याची आणखी एक खोड. घरात २००-३०० लक्सवर तो सुखानं वाचतो आणि मे महिन्यात दुपारी सूरसागरच्या काठावर लाखभर लक्समध्येही चालवून घेतो. इतका जुळवून घेणारा अवयव बाकी सगळ्याला चांगला, मोजणीला नाही.

हे मला पुस्तकातून कळायच्या आधी बाबांकडून अर्धं कळलेलं होतं. बाबा फोटोग्राफर. दांडिया बाजारात त्यांचा स्टुडिओ होता. त्यांचा सेकोनिकचा सेलेनियम मीटर अजून चालतो. त्याला बॅटरी लागत नाही, पडणारा उजेडच काटा हलवतो. कॅमेऱ्यापाशी उभं राहून माणसाकडे मीटर रोखणं त्यांना मान्य नव्हतं. “उजेड पडतो तिथे मोजायचा,” असं म्हणत ते मांडवात सरळ नवरीच्या गालापाशी मीटर नेत. त्या मीटरला दोन टोप्या आहेत, एक पांढरा घुमट आणि एक चपटी चकती. चेहऱ्यावर चहूबाजूंनी उजेड येतो, तिथे घुमट. कागद, चित्र, असं काही सपाट असेल तर चकती.

चकती त्यांनी फार वापरली, कारण इथल्या फाइन आर्ट्स कॉलेजची मुलं आपल्या चित्रांच्या कॉपी, म्हणजे हुबेहूब फोटो, काढायला त्यांच्याकडे यायची. चित्र भिंतीला, दोन्ही बाजूंना पंचेचाळीस अंशात एकेक दिवा, आणि मग बाबांची फेरी: वरचा डावा कोपरा, वरचा उजवा, खालचे दोन, शेवटी मध्य. पाचही ठिकाणी काटा एकाच जागी थांबेपर्यंत ते दिवे पुढेमागे करत राहायचे. मुलं घाईत असायची. बाबा नसायचे. दिवा वाढवून काम भागत नाही, हे ते कुणाला समजावून सांगत नसत, नुसतं करत.

माझी टाकी पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्यांनी मासे किती, पाणी कुठलं, खर्च किती, यातलं काहीच विचारलं नाही. म्हणाले, “अगं, कोपऱ्यात किती येतं?”

बडोद्यातले आम्ही काही हौशी मिळून एक पार मीटर फिरवतो. एकट्यानं घ्यावा इतका तो स्वस्त नाही आणि रोज लागतही नाही. घेताना दोन गोष्टी बघाव्या लागतात. सेन्सर निळा उजेड पुरा मोजणारा हवा. जुन्या पद्धतीचे सेन्सर निळ्या टोकाला कमी भरतात, आणि आपल्याकडे तर निळाच जास्त. दुसरी गोष्ट पाण्याची. हवेत अचूक असलेला सेन्सर पाण्यात कमी दाखवतो, कारण त्याच्या पांढऱ्या टोपीत शिरलेला उजेड पाण्यात जास्त प्रमाणात परत बाहेर निसटतो. अपोजी कंपनीच्या फुल स्पेक्ट्रम सेन्सरसाठी ही दुरुस्ती १.३२ पटीची आहे. किरकोळ म्हणून सोडून देण्याजोगी ती नाही. पाण्यासाठीच बनवलेल्या मॉडेलमध्ये ती आधीच धरलेली असते. हे तपासून न घेता वर पुन्हा गुणाकार केला, तर आकडे फुगतात.

मोजायचं कसं, याबद्दल माझं मत ठाम आहे. पंप बंद करून पाणी स्थिर होऊ द्यावं, कारण लाटांमुळे उजेडाच्या रेघा नाचतात आणि आकडाही त्यांच्याबरोबर नाचतो. सेन्सर काठीला बांधून खाली सोडावा, म्हणजे आपल्या हाताची सावली पडत नाही. सेन्सरचं तोंड सरळ वर ठेवावं, दिव्याकडे वळवू नये. दिव्याकडे वळवलं की आकडा छान येतो, पण आडव्या पसरलेल्या मशरूमला तेवढा उजेड मिळत नसतो. इथे बाबांची चकती आठवते. उभ्या फांद्यांच्या लेदरसाठी खरं तर घुमट हवा, पण पार मीटरला तो सहसा नसतो, तेव्हा मी फांदीच्या दोन-तीन बाजूंना सेन्सर वळवून वेगवेगळे आकडे लिहिते.

लिहायला बाबा बसले. त्यांनी वहीत टाकीचा आराखडा काढला, वरून एक आणि समोरून एक. मी म्हणत गेले, ते लिहीत गेले. ज्यांच्याकडून मीटर आणला होता ते अलकापुरीचे गुजराती स्नेही मध्येच फोन करून विचारत होते, “केटला आव्या?” दिव्याखालच्या दगडाच्या माथ्यावर ३१० आले. मधल्या कट्ट्यावर १८०. वाळूवर, बरोबर मध्यात, १२०. मागच्या उजव्या कोपऱ्यात ४१ आणि डाव्यात ३४.

एकाच टाकीत, एकाच दिव्याखाली, नऊ पटींचा फरक. आणि डोळ्याला समोर सगळीकडे सारखाच निळा समुद्र दिसत होता.

मऊ प्रवाळांना साधारण ५० ते १५० मायक्रोमोल मानवतात, शिंगांसारख्या फांद्यांच्या कठीण प्रवाळांना २०० ते ३५० लागतात, असं हा छंद जपणारे अनुभवानं सांगतात. ही काही आज्ञा नव्हे. एकाच जातीचा प्रवाळ कुठल्या खोलीवरून आला यावर त्याची सवय ठरते. पण एवढ्यावरूनही आमच्या वहीतल्या आराखड्याचा अर्थ लागत होता. माथ्यावरचे झोआ चिकटून, आखडून का बसलेत आणि कोपऱ्यातले देठ लांब करून वर का मान काढतात, ही एकच गोष्ट होती. पहिल्यांना जास्त होत होतं, दुसऱ्यांना पुरत नव्हतं. दिवा वाढवला असता तर पहिले गेले असते, कमी केला असता तर दुसरे.

या छंदात उजेड सुधारणं याचा अर्थ बहुतेक जण उजेड वाढवणं असा घेतात, आणि दुकानातही त्याच दिशेनं सल्ला मिळतो. मला ते पटत नाही. आधी तो पसरवायला हवा. दिवा वर उचलला की मध्यावरचं अंतर ज्या प्रमाणात वाढतं, त्या मानानं कोपऱ्याचं कमी वाढतं, म्हणून मध्य झपाट्यानं उतरतो आणि कडा फारशा उतरत नाहीत. एलईडीवर भिंगं असल्यामुळे पुस्तकातला अंतराच्या वर्गाचा नियम इथे हुबेहूब लागू होत नाही, काचेच्या भिंतीही आतल्या आत उजेड परतवतात, म्हणून गणितावर न थांबता दर खेपेला मोजावंच लागतं. उचलण्याची किंमतही आहे: थोडा उजेड टाकीबाहेर भिंतीवर सांडतो. आम्ही दिवा वर घेतला, शेजारी दुसरा तसाच दिवा लावला आणि दोन्ही कमी टक्क्यांवर चालवले. बाबांची कॉपीची मांडणीच ती, फक्त आडवी. माथ्यावर २१०, कट्ट्यावर १५०, वाळूवर ११०, कोपऱ्यांत ७०च्या आसपास. नऊ पटींचा फरक तीन पटींवर आला. माथ्याचा उजेड आम्ही चक्क कमी केला होता.

नवा दिवा घेण्याआधी मात्र जुन्याचा सगळा उजेड पाण्यापर्यंत पोचतोय का, हे बघावं. उडालेले थेंब भिंगावर आणि झाकणाच्या काचेवर सुकतात, मिठाचा थर बसतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पंखा दिवसभर चालतो, त्याची धूळ वर. आरओच्या पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्यानं पुसून पुन्हा मोजा, आकडा वर सरकतो. तसाच पाण्याचा पिवळेपणा. माशांचं खाणं, विष्ठा, कुजणारं शैवाल यांतून विरघळणारी द्रव्यं पाण्याला फिकट पिवळी झाक देतात, आणि पिवळं पाणी नेमका निळाच उजेड खातं. समोरून बघताना ती झाक कळत नाही. टाकीच्या लांबीतून, तीन फूट पाण्यापलीकडे पांढरा कागद धरून पाहिलं की कळते. थोडा अॅक्टिव्हेटेड कार्बन ती काढून टाकतो. पण जुन्या पिवळ्या पाण्यात एकदम भरपूर कार्बन घातला, तर उजेडाची उडी प्रवाळाला सोसत नाही, म्हणून तोही थोडाथोडा.

उजेड किती वेळ, हाही मोजणीचाच भाग. १०० मायक्रोमोल दहा तास दिले तर दिवसाचे ३.६ मोल होतात. कागदावर २०० पाच तास दिले तरी तेच. प्रवाळाच्या दृष्टीनं ते तेच नव्हे. प्रकाशसंश्लेषण उजेडाबरोबर एका मर्यादेपर्यंतच वाढतं, पुढे सपाट होतं आणि त्याही पुढे नुकसान सुरू होतं. शैवालाच्या पेशीत उजेड पकडणाऱ्या यंत्रणेतलं डी१ नावाचं प्रथिन रोज मोडतं आणि रोज नव्यानं बनतं. मोडण्याचा वेग बनण्याच्या वेगापुढे गेला की यंत्रणा मागे पडते. म्हणून तास वाढवणं मला सोसण्याजोगं वाटतं, तीव्रता वाढवणं जपून. शैवालाचं सामान कमी-जास्त करून प्रवाळ नव्या उजेडाशी जमवून घेतात, पण त्याला आठवडे लागतात. एका वेळी एकच बदल करावा, तोही थोडा, आणि मग हात मागे बांधून बघत राहावं. मशरूम पसरट होऊन काठ उचलू लागला तर त्याला उजेड कमी पडतोय. आकसून फिका पडू लागला तर जास्त होतोय. मीटरचा आकडा आणि हे दिसणं, दोन्ही लागतात.

बडोद्याच्या मे महिन्याबद्दल लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. बाहेर ४२-४३ अंश, आणि पाणी थंड ठेवणारा चिलर दमला किंवा वीज गेली की टाकीचं पाणी तिशी ओलांडतं. अशा वेळी सगळ्यांचा जीव तापमानासाठी कासावीस होतो, बर्फाच्या बाटल्या निघतात. मी आधी दिवे निम्म्यावर आणते. प्रवाळाचा रंग उडणं, म्हणजे ब्लीचिंग, हे बहुतेक वेळा उष्णता आणि उजेड या दोघांचं मिळून केलेलं काम असतं. गरम पाण्यात शैवालाची दुरुस्ती मंदावते, उजेड मात्र तेवढाच येत राहतो, पेशीत घातक ऑक्सिजन साठतो आणि प्रवाळ आपल्या शैवालांना बाहेर टाकतो. समुद्रातही हेच घडतं. १९९८, २०१०, २०१४ ते २०१७, आणि २०२३ पासून पुन्हा, असे चार जागतिक ब्लीचिंगचे काळ नोंदले गेले आहेत. कच्छच्या आखातात पाणी गढूळ आणि ओहोटी मोठी: भरतीत प्रवाळ अंधुक पाण्याखाली, ओहोटीत थेट उन्हात. इतकी टोकं सोसणारे ते जीवही तापलेल्या पाण्यापुढे हरतात. समुद्रावर सावली धरणं माझ्या हातात नाही. टाकीवर आहे, आणि असलेला अधिकार वेळेवर वापरावा.

चमकणाऱ्या रंगांबद्दल थोडंच लिहिते. गर्द निळ्या-जांभळ्या उजेडात प्रवाळांची प्रथिनं हिरवी, केशरी, लाल झळकतात, आणि त्यासाठी पांढरा उजेड पार बंद ठेवणारे बरेच आहेत. ते झळकणं सुंदर असतं, यात शंका नाही. प्रयोगशाळांत पेशी रंगवायला जगभर वापरतात ते लाल झळकणारं प्रथिन डिस्कोसोमातून मिळालं आणि १९९९ मध्ये जगापुढे आलं. डिस्कोसोमा म्हणजे माझ्या टाकीतल्या मशरूमांचाच कुळभाऊ. पण झळकणं हे प्रकृतीचं माप नव्हे. आजारी प्रवाळही निळ्या दिव्याखाली दिमाखात झळकतो. मी रोज थोडा वेळ पांढरा उजेड वाढवून बघते, तेव्हा खरा रंग आणि खरं मांस दिसतं.

बाबांशी माझा एकच वाद अजून मिटलेला नाही. मागच्या दगडाला एक आडवा ओठ आहे, त्याच्या खाली सेन्सर घातला की १५च्या आत आकडा येतो. बाबांचं म्हणणं, एक छोटी पट्टी लावून तिथेही उजेड न्यावा; कॉपीत एक कोपरा काळा राहिला तर सगळं काम फुकट. माझं म्हणणं, रीफला असे काळे कोपरे असतात आणि त्यांच्यावर जगणारे जीवही असतात. त्या ओठाखाली पांढरे-पिवळे स्पंज पसरलेत, नळीतून पंखा काढणारे किडे बसलेत. त्यांना उजेड नको, पाण्यातून वाहत येणारं अन्न हवं. उजेड नेला तर वर्षभरात तिथे शैवाल चढेल आणि स्पंज मरतील. सगळीकडे एकच आकडा आणणं हे माझं ध्येय नाही. ज्याला जेवढा हवा तेवढा त्याच्यापर्यंत पोचणं, आणि ज्याला नको त्याच्यापर्यंत न पोचणं, हे आहे.

हे मी त्यांना सांगितलं, बऱ्यापैकी लांबण लावून. बाबांनी वही उघडली, आराखड्यात तो ओठ पेन्सिलीनं काढला आणि विचारलं, “मग त्याचा आकडा का नाही लिहिला? नको असलेला उजेडही मोजायला हवा ना?” पुढच्या खेपेला मीटर आला की त्या ओठाखालचे आकडेही, आतून बाहेरपर्यंत, टप्प्याटप्प्यानं घ्यायचे ठरले आहेत.